एकादशीच्या दुसऱ्या दिवसाची आमटी

तेलगाव
१२ जानेवारी २०२५

चि. स्वप्नाली,

तुझ्या मामीचा आशीर्वाद. परवा तू फोनवर विचारलंस आणि मी नुसतं "बघू" म्हणून ठेवून दिला. राग धरू नकोस. दुपारी बाराला खानावळीत फोन केलास तर माझा एक हात परातीत असतो आणि दुसरा तव्यावर. आणि स्वैपाकाच्या गोष्टी फोनवर सांगितल्या की ऐकणारा निम्म्या ऐकतो आणि निम्म्या आपल्या मनच्या घालतो. कागदावरचं जागेवर राहतं. म्हणून हे पत्र येसराच्या डब्यात वर ठेवून बाळूच्या टेम्पोनं पाठवते. तो भाजीपाला घेऊन आठवड्यातून दोनदा शिरूरला येतोच. उत्तर त्याच्याच हाती दे.

तू दोन गोष्टी मागितल्यास. आपल्या येसर आमटीची रीत, आणि शिरूर कासारला तू खानावळ काढणार तिच्या पाटीवर आपल्या बद्रीनाथ खानावळीचं नाव.

रीत घे. ती तुझ्या आजीची आहे आणि तू तिच्या लेकीची लेक. मी तर या घरात सून म्हणून आले, तुझा हक्क माझ्या आधीचा. पण आमटी कुठून आली तेही घे, कारण तुझ्या आईला ते अर्धंच माहीत आहे.

येसर ही लग्नाची वस्तू. लग्न ठरलं की पाच सवाष्णी जात्यावर बसायच्या, भाजलेलं धान्य आणि मसाला एकत्र दळायच्या आणि त्या पिठाची आमटी गावपंगतीला. एरवी कोणाच्या घरी दिसायची नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर तुझ्या आजोबांनी तेलगावच्या चौकात पत्र्याखाली चहा-भजी मांडली. एका उन्हाळ्यात एका वऱ्हाडाचा ट्रक तिथंच बंद पडला. दुरुस्तीचं सामान बीडहून यायला दोन दिवस. वऱ्हाडाच्या गोणीत येसर होतं. आत्याबाई, म्हणजे तुझी आजी सरस्वतीबाई, म्हणाल्या, "माणसं उपाशी बसल्यात आन येसर गोणीत बसलंय, ह्ये कसं?" आणि डेगची चढवली. वऱ्हाड जेवलं, त्यांच्यासोबत चौकातले बैलगाडीवाले जेवले. ट्रक दुरुस्त होऊन गेला. तिसऱ्या दिवशी गाडीवाले पुन्हा हजर, "आज लगीन न्हाई का?"

त्या दिवसापासून पन्नास वर्षं आपल्याकडं रोज लग्न आहे. पाटीवर नाव आजोबांचं, पण हात आत्याबाईंचा. आणि त्यांच्या मागं तीस वर्षं माझा. ट्रकवाला, शिक्षक, ऊसतोडीची बाई, मतं मागायला आलेला पुढारी, सगळे एकाच बाकावर बसून एकाच डेगचीतलं जेवलेत. मला याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण नाही.

खानावळीच्या वहीतलं पान उतरवून सोबत जोडलंय. धान्य किती, धने किती, खोबरं, सुंठ, लवंग, सगळं. बाजारातून आलेला एक कणही वहीतून सुटलेला नाही.

आता पाटी. नाव देईन, पण तुझे मामा, तुझी आई किंवा मी म्हणतो म्हणून नाही. जो तेलगावात जेवलेला आहे असा एखादा परका माणूस तुझ्याकडं जेवेल, आणि तू काही न सांगता स्वतःहून म्हणेल की ही तेलगावची आमटी, त्या दिवशी पाटी लाव. ओळखीचं माणूस धरायचं नाही. आमच्या आबासाहेबांचंच बघ, कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झाले, चाळीस वर्षं आपल्याकडं जेवतात. ते तर चेष्टाच करतात. दर एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं ठरलेलं, "सत्यभामाबाई, आज तुमच्यासंगं आमटीनंबी उपास धरला व्हता वाटतं." अशांचं काय धरायचं.

तुझी मामी,
सत्यभामा


शिरूर कासार
२६ जानेवारी

मामी,

पाया पडते. डबा पोचला. पत्राला येसराचा इतका वास लागलाय की उशाशी ठेवून झोपले तर मध्येच भूक लागली.

जागा बसस्टँडसमोर मिळाली आहे, दोन खणांची. मी आणि आमच्या बचत गटातली वनिता, दोघी मिळून चालवणार. ती भाकरीला, मी आमटीला. सध्या शिरूर निम्मं रिकामं आहे, दर दोन घरांमागं एका घराला कुलूप. ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याच्या सुमाराला परततील, म्हणून पाडव्यालाच चूल पेटवायची ठरवली आहे.

तुमच्या पानाप्रमाणं येसर केलं, आमटी केली. सासऱ्यांनी दोन वाट्या घेतल्या. वनिता म्हणाली, लई झकास. मग पालीहून आईला बोलावून घेतलं. आईनं आमटीत भाकरी कुस्करून काला मोडला, एक घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाली, "चव बरी हाय. पर ही आपली न्हाई."

मी म्हटलं, "कावून न्हाई? काय कमी आहे?"

"ते मला कळलं असतं तर मीच खानावळ काढली असती."

मामी, माझं कुठं चुकतंय ते कळवा. पाटीचं म्हणाल तर तुमची अट मला मान्य आहे. त्याची मला काही घाई नाही.

स्वप्नाली


तेलगाव
४ फेब्रुवारी

चि. स्वप्नाली,

तू येसर मिक्सरवर फिरवलंस. नाही म्हणू नकोस. मिक्सरमध्ये मसाला तापतो आणि त्याचं तेल तिथंच सुटतं, मग आमटीत काय सुटणार? दुसरं, तू सगळं धान्य एकाच कढईत एकदम भाजलं असशील. बाजरी आधी फुटते, डाळ मागून तांबूस होते. ज्याचं त्याचं वेगळं भाजायचं. वेळ जातो तो जाऊ दे. तिसरं, खोबरं किसून भाजलंस की तुकडे विस्तवावर धरलेस? विस्तवावर धरायचं, कडा काळी होईपर्यंत.

फोडणीत तेलाचा हात आखडू नकोस. मी घरात तेलाची पिशवी कापून आतून पुसून घेते हे तू लहानपणी पाहिलंयस आणि हसलीयस, पण डेगचीत मी कधी आखडलं नाही. काटकसर आपल्या ताटात करायची, गिऱ्हाइकाच्या नाही.

हे सगळं नीट करून बाळूकडं एक कडीचा डबा भरून आमटी पाठव. बघते.

तुझ्या आईला, मंगलवन्संना, नमस्कार. त्यांच्या जिभेवर माझा विश्वास आहे, त्या आत्याबाईंच्या हातचं जेवून वाढल्यात.

मामी


शिरूर कासार
१३ फेब्रुवारी

मामी,

डबा पाठवते आहे. जात्यावर दळलं. शेजारच्या आजीच्या परसात पडलेलं जातं धुऊन काढलं, मी आणि वनितानं मिळून ओढलं, हाताला फोड आले. धान्य वेगवेगळं भाजलं. खोबरं विस्तवावर धरलं. तेल सढळ आहे. मिक्सरबद्दल तुमचं खरं होतं, तेवढं कबूल.

आईनं पुन्हा खाल्लं. पुन्हा तेच, ही आपली न्हाई. आणि मग ती जे बोलली ते मला लिहायचं नव्हतं, पण लिहिते. "वयनीनं हातचं राखलं आसंल. सासरची वस्तू नणंदेच्या घरी कोण पुरती देतं?"

मी आईशी भांडले. मामी तशी नाही म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी बाळूनं सांगितलं की तेलगावची खानावळ या पाडव्याला बंद होणार आहे. सगळ्या चौकाला माहीत आहे, मलाच माहीत नाही. तुम्ही दोन पत्रं लिहिली, वऱ्हाडाच्या ट्रकपासून तेलाच्या पिशवीपर्यंत सगळं लिहिलंत, आणि हे एवढं लिहिलं नाहीत. बंदच करायची आहे तर मग ती चव कोणासाठी राखून ठेवताय? मी नाही उचलली तर ती तुमच्यासोबत संपेल, मामी.

उद्धटपणा झाला असेल तर माफ करा. पण खोडलं नाही.

स्वप्नाली


तेलगाव
१६ फेब्रुवारी

स्वप्नाली,

खानावळ बंद होणार, हे खरं आहे. तुझ्या मामांचे गुडघे आता चुलीपुढं बसू देत नाहीत. रविराजची छत्रपती संभाजीनगरला कंपनीत नोकरी आहे, त्याला हे करायचं नाही. लेकाला जबरदस्तीनं चुलीशी बांधणारी मी नाही. तुला सांगितलं नाही कारण तू कीव करून चांगली-वाईट कशीही आमटी "आपलीच" म्हणून लावली असतीस, आणि मीही मग कीव करून नाव दिलं असतं. दोघींनी एकमेकींची कीव केली की चवीचं वाटोळं होतं.

हातचं राखल्याचं म्हणशील तर मी रोज सकाळी पांडुरंगापुढं उभी राहते. त्याच्यासमोर सांगते, वहीतलं एक अक्षर मी गाळलेलं नाही. मंगलवन्संना तसं वाटलं याचं मला वाईट वाटलं. तुझं वाईट नाही वाटलं, तू तोंडावर बोललीस.

तुझा डबा शुक्रवारी आला. मी आबासाहेबांपुढं न सांगता वाटी ठेवली. त्यांनी निम्मी खाल्ली, निम्मी ठेवली आणि म्हणाले, "काल एकादशी व्हती का?"

त्यांना सगळ्यात चेष्टाच सुचते. एकादशी होऊन आठवडा झाला होता.

मी स्वतः चाखली. सगळं बरोबर आहे आणि काहीतरी नाही. मंगलवन्सं खोटं बोलत नाहीत. मला सांगता येत नाही, एवढंच आज लिहू शकते.

सत्यभामा


तेलगाव
२७ फेब्रुवारी

चि. स्वप्नाली,

तुझं उत्तर आलं नाही. बाळूनं दोन्ही वेळा रिकामे हात दाखवले. ते बरोबरच आहे, तुझ्या जागी मीही लिहिलं नसतं. पण हे पत्र पूर्ण वाच, अर्ध्यात ठेवू नकोस.

सोमवारी एकादशी झाली. खानावळ बंद. मंगळवारी नेहमीसारखी आमटी केली. आबासाहेब आले, काला मोडला, एक घास घेतला आणि म्हणाले, "ही तर त्या दिवशीच्या डब्यातलीच की."

मी म्हटलं, "आबासाहेब, ही माझी आहे. आत्ता डेगचीतून काढली."

"मंग म्हणतो काय मी? हीच की."

मला लई राग आला. राग आला म्हणून वाटी भरून घेतली आणि तिथंच उभ्यानं चाखली. स्वप्नाली, तीस वर्षांत मी द्वादशीची आमटी कधी तोंडात घातली नव्हती. द्वादशीला माझं पारणं वरण-भाताचं असतं, आणि तिसऱ्या दिवशी आमटी पुन्हा नेहमीसारखी. त्यामुळं मला कधी कळलंच नाही. आबासाहेब तीस वर्षं चेष्टा करत नव्हते. ते मला सांगत होते.

मसाला तोच, पाणी तेच, चूल तीच, हात तोच. मग त्या दिवशी काय नव्हतं? सकाळपासून मी काय काय केलं ते मनात उलटं आठवत गेले. फोडणी, उकळी, येसर कालवणं, चूल पेटवणं. त्यात काहीच सापडेना. मग त्याच्याही मागं गेले, आंघोळीपर्यंत, आणि देवाच्या फळीपाशी येऊन थांबले.

आपल्याकडं पहिली भाकरी देवाची. गरम भाकरीवर गुळाचा खडा ठेवून ती चुलीवरच्या फळीवर पांडुरंगाच्या तसबिरीपुढं ठेवायची. गूळ विरघळून भाकरीत मुरतो. रात्री विस्तव सारला की ती भाकरी चुलीच्या कडेला, गरम राखेजवळ ठेवायची. सकाळपर्यंत ती वाळून तांबूस आणि खणखणीत होते. आंघोळ झाली, दिवा लावला, की मी पहिलं काम काय करते? ती भाकरी खलबत्त्यात कुटते आणि आमटीला उकळी आली की "राम कृष्ण हरी" म्हणून आत सोडते.

हे मला आत्याबाईंनी शिकवलं. लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं, प्रसाद आमटीत का? म्हणाल्या, "देवाम्होरची भाकर एक आन खाणारी माणसं शंभर. वाटायची कशी? आमटीत सोडली की परतेकाच्या वाटीत परसाद. आन गिऱ्हाइकाला सांगायचं न्हाई. सांगितलं की परसादाचं दुकान झालं."

एकादशीला चूल नाही, भाकरी नाही. दशमीची वाळलेली भाकरी मी एकादशीला गाईला घालते. म्हणून द्वादशीला डेगचीत सोडायला काही नसतं. या आठवड्यात तर लगेच महाशिवरात्र आली, आज पुन्हा तसंच. आज मुद्दाम चाखली. आबासाहेबांचाच शब्द बरोबर, आमटी उपाशी लागते.

तुला रीत देताना मी वही उघडली. वहीत बाजारातून आलेलं सगळं आहे. ही भाकरी बाजारातून आलेली नव्हती, देवाकडून परत आलेली होती. ती मी सामानात कशी धरणार? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, पै-पैचं लिहून ठेवणारी, आणि पन्नास वर्षांची चव माझ्या हातातून रोज जात होती ती मला दिसली नाही. तिला मी पूजेत धरलं होतं, स्वैपाकात नाही.

मंगलवन्संना सांग, हातचं राखलेलं होतं खरं. फक्त ते मला माहीत नव्हतं.

तुझी मामी


शिरूर कासार
९ मार्च

मामी,

पाया पडते, आणि या वेळी खरोखर खाली वाकून.

तुमचं पत्र मी दुकानात उभ्यानं वाचलं. वनितानं विचारलं, "कोण गेलं का?" मी म्हटलं, नाही, कोणीतरी परत आलं.

दुसऱ्याच दिवसापासून पहिली भाकरी देवाची सुरू केली. आमच्याकडं गॅस आहे, राख नाही, म्हणून मागं पत्र्याच्या आडोशाला मातीची चूल घातली. पहिल्या दिवशी भाकरी जळून कोळसा झाली. दुसऱ्या दिवशी मऊच राहिली. तिसऱ्या दिवशी जमली. बोटानं वाजवली तर टणटण.

आईला काही सांगितलं नाही. जेवायला वाढलं. तिनं काला मोडला. भाकरी संपली तरी वाटी बोटानं निपटत बसली. मग म्हणाली, "माझी माय रोज सकाळी देवापुढं बसून कायतरी कुटायची. मला वाटायचं धूप कुटती."

तुमचा निरोप दिला. त्यावर ती एवढंच म्हणाली, "वयनीला म्हणावं, पाडव्याला तुला साडी मी घेणार हाय, नको म्हणू नकोस." म्हणजे मिटलं असं समजा.

मामी, आता विचारते. आईनं ओळखली. आता तरी पाटी लावू?

स्वप्नाली


तेलगाव
२९ मार्च

चि. स्वप्नाली,

नाही. मंगलवन्सं घरच्या. अट परक्या माणसाची आहे, आणि ती मी तुझ्यासाठी सैल केली तर आत्याबाईंना तोंड दाखवायला मला जागा उरणार नाही.

आज अमावस्या, आणि आपल्या खानावळीचा शेवटचा दिवस. वाईट वाटून घेऊ नकोस, मला वाटत नाही. तुझे मामा सकाळी फेटा बांधून गल्ल्यावर बसले. तीनदा डेगची चढवली, तीनदा उतरली. वडवणी, धारूर, माजलगाव, कुठून कुठून माणसं आली. एक ट्रकवाला म्हणाला, "आमच्या बापाची आमटी इथं, माझी इथं, आता पोराला कुठं नेऊ?" मी म्हटलं, थांब थोडा, कळेल.

आबासाहेब दोन्ही वेळा जेवले. शेवटी तुझ्या मामांना विचारलं, "उद्यापासून मी कुठं जेवायचं?"

मामा म्हणाले, "घरी जेवा की."

"घरी जेवायचं असतं तर चाळीस साल इथं कावून आलो असतो बे?"

दोघं हसले.

आज सकाळी पहिली भाकरी नेहमीसारखी देवापुढं ठेवली. ती आता राखेजवळ वाळते आहे, पहाटेपर्यंत खणखणीत होईल. उद्या तेलगावात डेगची चढणार नाही. म्हणून ती स्वच्छ फडक्यात बांधून या पत्रासोबत बाळूकडं देते. तो पहाटे निघेल. उद्या पाडव्याला तुझ्या पहिल्या आमटीला उकळी आली की हीच आत सोड. तुझी पहिली आणि माझी शेवटची एकाच डेगचीत गेली की मधला खंड पडला नाही असं होईल.

सोबत आत्याबाईंचा खलबत्ता आहे. जड आहे, बाळूनं कुरकुर केली. तळ घासून खोल झालाय, त्याला हसू नकोस.

तुझी मामी


शिरूर कासार
१० एप्रिल

मामी,

कधी लिहू असं झालं होतं, पण हाताला उसंत नव्हती. पाडव्याला तुमची भाकरी मी स्वतः कुटली. वनिता म्हणाली मी देते, मी दिली नाही. आई शेजारी उभी होती. "राम कृष्ण हरी" आम्ही तिघींनी एकदमच म्हटलं. पहिल्या दिवशी साठ-सत्तर माणसं जेवली. गावातली कुलुपं निघाली आहेत. ट्रॅक्टर भरभरून माणसं परत येताहेत, रोज गर्दी वाढते आहे. आमटी चांगली आहे म्हणतात. पण तेलगावचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. मी मनात म्हटलं, नसेल नशिबात.

मग परवा एकादशी आली. तुमच्यासारखंच केलं. दुकान बंद, दशमीची भाकरी गाईला. खरं सांगते, ती भाकरी ठेवून द्यावी आणि काल आमटीत सोडावी असा विचार मनात आला होता. नवं दुकान, गिऱ्हाइकाला कमी चवीचं का वाढा? एकादशीच्या रात्रीही ती डब्यातच होती. काल सकाळी आईनं डबा बघितला, माझ्याकडं बघितलं. मी उठले आणि गाईला घालून आले.

त्यामुळं काल आमटी उपाशी होती. मला ठाऊक होतं, म्हणून वाढताना मान वर करत नव्हते. दुपारी एक नवरा-बायको आले. ऊसतोडीहून थेट आलेले, पायाला अजून रस्त्याची धूळ, बोचकी दारात. बाईनं काला मोडला, एक घास घेतला, थांबली, आणि मला म्हणाली, "काल एकादशी व्हती का, बाई?"

मी नुसतं "हो" म्हटलं.

ती नवऱ्याला म्हणाली, "बघा. म्हटलं न्हवतं?" मग माझ्याकडं वळून, "आमी तेलगावकडं तोडीला जायचो, तवा चौकातल्या बद्रीनाथकडं जेवायचो. तिथं एकादशीच्या दुसऱ्या दिशी आमटी अश्शीच असायची. येरवी लई भारी, आन त्या एका दिशी उपाशी. आमचा मुकादम म्हणायचा, आमटीनं उपास सोडला न्हाई अजून."

नवरा म्हणाला, "आगं, ती खानावळ तेलगावात, ही शिरूरात."

"मला काय सांगता? मी चार साल खाल्लीय. तिथली बाई भाकरी दोन द्यायची, एक खायाला, एक पदरात बांधायला. ही आमटी तिचीच हाय. भाकर बांधून द्या म्हणजे पटलं."

मामी, मी भाकरी बांधून दिली. बाईचं नाव छबुबाई. जाताना म्हणाली, उद्या परत येते, उद्या भरलेली आसंल. आज आली. दोन वाट्या घेतल्या, आणि म्हणाली, "ही बगा. ही ती."

भिंतीवर काही नाही, दारावर काही नाही, कोणी तिला काही सांगितलेलं नाही. देवाशपथ.

परकी आहे ना, मामी? आता तुम्ही सांगा.

स्वप्नाली


तेलगाव
१२ एप्रिल

चि. स्वप्नाली,

पत्र तुझ्या मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग आबासाहेबांना. आबासाहेब म्हणाले, "मी तीस साल बोंबललो ते कुणी ऐकलं न्हाई, आन छबुबाईचं एका घासात ऐकलं." बुधवारच्या एसटीनं शिरूरला जेवायला येणार आहेत. ते घरचे, त्यांचं धरायचं नाही, पण वाटी भरून दे.

ती भाकरी तू ठेवून दिली असतीस आणि आमटीत सोडली असतीस तर आमटी चांगली झाली असती. छबुबाई जेवून, हात धुऊन, चांगली आहे म्हणून निघून गेली असती.

मला ती आठवते. कपाळावर गोंदलेलं, हसताना तोंडाला पदर लावायची. दुसरी भाकरी तिच्या लेकरासाठी असायची.

बाकी, पाटी तू जानेवारीतच रंगवून घेतलीस, "बद्रीनाथ खानावळ, तेलगाव यांची शाखा" असं निळ्या अक्षरांत, आणि पिठाच्या डब्यांमागं भिंतीकडं तोंड करून ठेवलीस, हे मला बाळूनं तेव्हाच सांगितलं होतं. मी बोलले नाही. ती तू तीन महिने तशीच ठेवतेस का, तेवढं मला बघायचं होतं.

आता फिरव.

तुझी मामी,
सत्यभामा